रिकाम्या पाळण्यापाशी : बाळ गमावलेल्या कुटुंबांना कॅथलिक परंपरेचा आधार



प्रत्येक वार्षिक अहवालात प्रसूती विभागाचा एक तक्ता असतो. एकूण प्रसूती किती, शस्त्रक्रियेने किती, जुळी किती, कमी वजनाची बाळे किती, हे आकडे आपण समाधानाने वाचता. या तक्त्याच्या तळाशी दोन-तीन ओळी असतात, त्यांवर मात्र नजर फारशी थांबत नाही. ‘गर्भपात’, ‘मृतजन्म’, ‘नवजात मृत्यू’ अशा त्या ओळी होत. हे आकडे कमी व्हावेत यासाठीच आपल्या देणगीतून उपकरणे येतात, परिचारिकांना प्रशिक्षण मिळते आणि रात्री-अपरात्री डॉक्टर धावून येतात. तरीही ते कधी शून्य होत नाहीत. ज्या फाटकातून इतर कुटुंबे पेढे वाटत घरी जातात, त्याच फाटकातून काही माता न उघडलेला बाळंतविडा घेऊन परततात. त्या कुटुंबांसाठी कॅथलिक परंपरेत कोणता आधार आहे, तो कसा घडत गेला आणि रुग्णालयाने त्यात कोणता वाटा उचलावा, हे समजावून सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

या दुःखाचे स्वरूप

गर्भधारणेची खात्री झाल्यानंतर साधारणपणे दहातील एका किंवा त्याहून थोड्या अधिक गर्भधारणा पहिल्या काही महिन्यांतच आपोआप संपुष्टात येतात. अशा सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास प्रकरणांत गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष कारणीभूत असतो. आईने पपई खाल्ली, रिक्षातून प्रवास केला, जड भांडे उचलले किंवा कोणाची दृष्ट लागली, यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नसतो. हे डॉक्टरांनी एकदा सांगून भागत नाही. आईला ते पुन्हा पुन्हा ऐकावे लागते, कारण पहिला प्रश्न ती स्वतःलाच विचारते : ‘माझे काय चुकले?’

जागतिक तुलनेसाठी अठ्ठावीस आठवडे किंवा त्याहून अधिक वाढीचे बाळ मृतावस्थेत जन्मल्यास त्यास मृतजन्म म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे १९ लाख मृतजन्म झाले. उच्च रक्तदाब, मधुमेह, जंतुसंसर्ग, वार वेळेआधी सुटणे, बाळाची वाढ खुंटणे ही त्याची ठळक कारणे होत. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण आपल्या देशात घटत आले आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००५ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे ३७ नवजात बालके दगावत असत. २०२० मध्ये हा आकडा २० वर आला. ही प्रगती अभिमानास्पद आहे. मात्र हजारी वीस याचा अर्थ पन्नास घरांपैकी एका घरी, असा होतो आणि त्या एका घराला इतर एकोणपन्नास घरांच्या आनंदाने दिलासा मिळत नाही.

एका शब्दाची जखम

आपल्या भाषेत आपोआप घडलेल्या आणि मुद्दाम केलेल्या, दोन्ही घटनांना ‘गर्भपात’ हा एकच शब्द आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी चौथ्या महिन्यापर्यंतच्या हानीला गर्भस्राव आणि त्यापुढील हानीला गर्भपात म्हटले होते. तो भेद व्यवहारात राहिला नाही. खेडोपाडी ‘पोट पडले’ आणि ‘पोट पाडले’ यांत एका कान्याचा फरक आहे. रुग्णालयाच्या कागदावर तर ‘अबॉर्शन’ हा इंग्रजी शब्दच लिहिला जातो. वैद्यकाच्या परिभाषेत तो बरोबर आहे, त्यात दोषारोप नाही.

परंतु गर्भातील जीव पहिल्या क्षणापासून पवित्र आहे असे ज्या स्त्रीला लहानपणापासून शिकविले गेले आणि बाळंतपणासाठी जिने नऊ दिवसांची प्रार्थना धरली होती, तिच्या हाती डिस्चार्ज कार्डवर तो शब्द पडतो तेव्हा ती हादरते. ‘सिस्टर, मी असे काही केलेले नाही’, असे रडत सांगणाऱ्या माता प्रसूतिकक्षात काम करणाऱ्यांना अनोळखी नाहीत. म्हणून कागद हाती देण्यापूर्वी त्या शब्दाचा अर्थ समजावणे, तसेच बोलताना ‘गर्भ’ न म्हणता ‘तुमचे बाळ’ म्हणणे, हा सांत्वनाचा पहिला धडा होय. त्याला खर्च नाही आणि वेळही दोन मिनिटांपलीकडे लागत नाही.

पाणी ओतण्याची वेळ टळून जाते तेव्हा

कॅथलिक कुटुंबात बाळ अत्यवस्थ झाले की सर्वांत आधी स्नानसंस्काराचा, म्हणजेच बाप्तिस्म्याचा विचार येतो. धर्मगुरू येईपर्यंत थांबण्याची गरज नसते. प्राण संकटात असता कोणीही व्यक्ती हा संस्कार देऊ शकते; ती ख्रिस्ती असलीच पाहिजे असेही बंधन नाही. ख्रिस्तसभा जे करू इच्छिते तेच करण्याचा तिचा हेतू असावा, बाळाच्या मस्तकावर साधे पाणी ओतावे आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने संस्काराचे शब्द उच्चारावेत, एवढे पुरेसे असते. त्यामुळे नवजात अतिदक्षता विभागातील परिचारिका कोणत्याही धर्माची असो, पालकांच्या विनंतीवरून ती ही सेवा करू शकते. नंतर त्याची माहिती त्यांच्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना कळवायची असते, म्हणजे बाळाचे नाव नोंदवहीत येते. धर्मगुरू वेळेत पोहोचले तर ते दृढीकरणाचा संस्कारही देऊ शकतात.

खरी कसोटी लागते ती बाळ आधीच गेलेले असते तेव्हा. ख्रिस्तसभेचे संस्कार जिवंतांसाठी आहेत. मृत बाळाला स्नानसंस्कार देता येत नाही. ‘फक्त थोडेसे पाणी घाला, सिस्टर’, अशी आजीने केलेली विनवणी नाकारणे हे प्रसूतिकक्षातील सर्वांत अवघड काम आहे. केवळ ‘नाही’ म्हणून निघून गेल्यास ते कुटुंब आयुष्यभर समजत राहते की देवाच्या दारात आपल्या बाळाला प्रवेश मिळाला नाही. या ‘नाही’पाठोपाठ लगेच काय देता येते, हे जाणणारी व्यक्ती त्या वेळी तेथे हवी.

देण्यासारखे पुष्कळ आहे. बाळाला नाव देता येते. त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करता येते. देवाच्या हाती त्याला सोपविण्याची प्रार्थना म्हणता येते. आई-वडिलांना आशीर्वाद देता येतो. अमेरिकेत १९८९ मध्ये प्रकाशित झालेल्या आशीर्वादविधींच्या ग्रंथात गर्भपात किंवा मृतजन्मानंतर पालकांना आशीर्वाद देण्याचा स्वतंत्र विधीच समाविष्ट आहे. पालकांची तयारी असेल तर बाळाला झबले-टोपडे घालून, दुपट्यात गुंडाळून त्यांच्या कुशीत देता येते, हातापायांचे ठसे घेता येतात, छायाचित्र काढता येते. पूर्वी जवळपास सर्वत्र अशी पद्धत होती की बाळ पटकन दृष्टीआड करावे, आईला दाखवूच नये, म्हणजे ती लवकर विसरेल. ती विसरत नसे. न पाहिलेल्या चेहऱ्याची कल्पना करीत राहत असे. आज पालकांना विचारले जाते. पाहायचे नाही असे कोणी म्हटले तर तोही निर्णय मानला जातो, आणि छायाचित्र लिफाफ्यात बंद करून त्यांच्यासाठी जपून ठेवता येते.

लिंबोपासून आशेपर्यंत

त्या आजीच्या विनवणीमागे मोठा इतिहास आहे आणि तो प्रांजळपणे सांगितला पाहिजे. स्नानसंस्काराविना मरण पावलेल्या बालकांचे काय होते, या प्रश्नाने ख्रिस्ती विचारवंतांना शतकानुशतके छळले. पाचव्या शतकात संत ऑगस्टिन यांनी त्यावर कठोर उत्तर दिले होते : अशी बालकेही शिक्षेतून सुटत नाहीत, मात्र ती शिक्षा सर्वांत सौम्य असते. मध्ययुगातील धर्मपंडितांनी ते उत्तर मवाळ केले आणि ‘लिंबो’ची कल्पना पुढे आली. तेथे वेदना नाही, एक नैसर्गिक सुखही आहे, परंतु परमेश्वराचे प्रत्यक्ष दर्शन नाही, अशी ती अवस्था. ही कल्पना ख्रिस्तसभेचा अधिकृत श्रद्धासिद्धान्त कधीच नव्हती. तरीही धर्मशिक्षणाच्या वर्गांतून ती पिढ्यान् पिढ्या शिकविली गेली.

तिचे परिणाम माणसांनी भोगले. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार स्नानसंस्काराविना मरण पावलेल्यांना ख्रिस्ती दफनविधी मिळत नसे. आयर्लंडमध्ये अशा बालकांसाठी ‘किलीन’ नावाच्या वेगळ्या, अभिषेक न केलेल्या दफनभूमी असत. शेताच्या कडेला, जुन्या पडक्या देवळाच्या आवारात किंवा समुद्रकिनारी ही बाळे पुरली जात. हा प्रघात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होता. आईला तेथे फूल ठेवण्याचीही सोय नसे. ज्या धर्माने सांत्वन करावे, त्याच्याच एका रीतीने दुःखात भर घातली, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. अलीकडे आयर्लंडमधील अनेक किलीनांवर प्रार्थना होऊन स्मारकशिला उभ्या राहिल्या आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर चित्र पालटले. १९६९ मध्ये सुधारलेल्या अंत्यविधीत स्नानसंस्कारापूर्वी मरण पावलेल्या बालकासाठी प्रार्थनांचा समावेश झाला. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११८३ व्या कलमाने स्पष्ट केले की आई-वडिलांचा स्नानसंस्कार देण्याचा मनोदय होता, पण बाळ त्यापूर्वीच गेले, तर स्थानिक बिशपांच्या परवानगीने त्याला ख्रिस्ती अंत्यविधी देता येतो. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने अशा बालकांना देवाच्या करुणेच्या हाती सोपविले. लिंबोचा शब्दही त्यात नाही. शेवटी एप्रिल २००७ मध्ये, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने, आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाचा दीर्घ अभ्यास प्रसिद्ध झाला. स्नानसंस्काराविना गेलेली बालके तारली जातील आणि त्यांना परमेश्वराचे दर्शन घडेल अशी आशा धरण्यास भक्कम कारणे आहेत, हा त्याचा निष्कर्ष होय. आयोगाने ‘खात्री’ हा शब्द वापरला नाही; ‘आशा’ हा शब्द वापरला. मुलांना आपल्याजवळ येऊ द्या, असे सांगणाऱ्या येशूच्या शब्दांवर ती आशा उभी आहे.

ही माहिती धर्मपंडितांपुरती राहू नये. पाळण्यापाशी उभी असलेली आजी अजूनही जुन्याच भीतीने ग्रासलेली असते. ‘बाळ कुठे जाईल?’ असे ती विचारते, तेव्हा ‘देवाकडे जाईल अशी आम्ही आशा धरतो, आणि ती आशा ख्रिस्तसभेचीही आहे’, एवढे शांतपणे सांगणारे कोणी असले, तर तिच्या खांद्यावरचे ओझे बरेच हलके होते.

निरोपाचा विधी आणि कायद्याची नोंद

बालकाच्या अंत्यविधीत धर्मगुरू पांढरी वस्त्रे परिधान करू शकतात. स्नानसंस्कार मिळालेल्या अर्भकाने पाप केलेलेच नसते. म्हणून त्या मिस्सेत त्याच्या पापक्षमेची याचना नसते. प्रार्थनेचा भर मागे राहिलेल्या आई-वडिलांच्या सांत्वनावर असतो. अनेक कुटुंबांना हे ठाऊक नसते. ‘इतक्या लहान बाळासाठी फादरांना कशाला त्रास?’ म्हणून घरातील पुरुषमंडळी संध्याकाळी गुपचूप दफन उरकतात आणि प्रसूत आईला त्या जागेचा पत्ताही नीट कळत नाही. आमची विनंती अशी की घाई करू नये. आई चालू शकेपर्यंत एक दिवस थांबणे बहुधा शक्य असते. डॉक्टरांशी बोलून ते ठरवता येते.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार अठ्ठावीस आठवडे पूर्ण झालेल्या मृतजन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते. प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर ती कळविण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते. बाळाने जन्मानंतर एकदाही श्वास घेतला असेल तर जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही नोंदी होतात. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत मृतावस्थेत जन्मलेल्या बाळाची मात्र या कायद्यानुसार नोंद होत नाही. शिवाय फार लवकर गेलेल्या गर्भाचे अवशेष जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जाऊन नष्ट केले जातात. नियम आरोग्यरक्षणासाठी आहे, त्याला इलाज नाही. परंतु कुटुंबाची दफन करण्याची इच्छा असेल तर ती शस्त्रक्रियेपूर्वीच किंवा प्रसूतीनंतर लगेच डॉक्टरांना सांगावी, म्हणजे अवशेष सन्मानाने सोपविण्याचा मार्ग काढता येतो. नंतर कळविल्यास उशीर झालेला असतो. हे वाक्य लिहिताना आम्हालाही जड जाते, पण अहवालातून ते एकदा स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

स्प्रिंगफील्डच्या रुग्णालयाचा धडा

या कार्यात एका कॅथलिक रुग्णालयाने घालून दिलेला पायंडा उल्लेखनीय आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात स्प्रिंगफील्ड येथे फ्रान्सिस्कन धर्मभगिनींचे सेंट जॉन्स रुग्णालय आहे. १९७७ मध्ये तेथे बाळ गमावलेले पालक व रुग्णालयातील सेवकवर्ग एकत्र आले आणि सिस्टर जेन मेरी लॅम्ब यांच्या पुढाकाराने ‘शेअर’ हा आधारगट सुरू झाला. त्या काळी अशा पालकांना कोणी एकत्र बसवीत नसे. गटाची पद्धत साधी होती : ठरलेल्या दिवशी जमायचे, ज्याला बोलावेसे वाटेल त्याने बाळाचे नाव घेऊन बोलायचे, इतरांनी ऐकायचे. उपदेश कोणी करायचा नाही. या लहानशा गटातून पुढे देशभर शाखा असलेली संघटना उभी राहिली. पुढे ऑक्टोबर १९८८ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी तो महिना गर्भ व अर्भक गमावलेल्यांच्या स्मरणाचा महिना म्हणून घोषित केला. आज अनेक देशांत १५ ऑक्टोबरला संध्याकाळी घरोघर मेणबत्ती लावली जाते.

या उदाहरणातून घेण्यासारखे असे की आरंभ रुग्णालयातून झाला. चर्चमध्ये कुटुंब पुढच्या रविवारी पोहोचते. नातेवाईक दोन दिवसांनी येतात. रुग्णालय मात्र पहिल्या तासाला तेथे असते. नाव देणे, पाहणे, कुशीत घेणे, ठसा घेणे या गोष्टी त्या पहिल्या काही तासांतच होऊ शकतात. त्या राहिल्या तर पुढे कितीही समुपदेशन केले तरी भरून येत नाहीत.

आईचे शरीर

मन आणि शरीर यांची फारकत करून चालत नाही. बाळ गेल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी आईला दूध येते. याची कल्पना कोणी दिलेली नसते आणि त्या रात्री ती एकटीच रडते. घट्ट आधार देणारे वस्त्र, थंड पाण्याच्या घड्या आणि आवश्यक तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी यांनी त्रास कमी होतो. काही मातांना आपले दूध दुसऱ्या अशक्त बाळासाठी द्यावेसे वाटते. १९८९ मध्ये मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अशा पेढीत तपासणीनंतर दूध देता येते. ही सूचना आईकडूनच यावी, इतरांनी आग्रह धरू नये.

आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शनबाबत डॉक्टरांना लगेच विचारावे. ते सामान्यतः ७२ तासांच्या आत द्यायचे असते. नोकरदार स्त्रियांसाठी १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची सवेतन रजा दिली होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मृतजन्म झाल्यास किंवा जन्मानंतर लगेच बाळ दगावल्यास साठ दिवसांची विशेष रजा देण्याचा आदेश सप्टेंबर २०२२ मध्ये निघाला. रजेसाठी दाखला लागतो. तो मागण्यास संकोच करू नये.

झोप पूर्ण उडणे, अन्नावरची वासना जाणे, स्वतःला इजा करण्याचे विचार येणे ही लक्षणे काही आठवडे टिकली तर त्याला ‘श्रद्धा कमी पडली’ असे म्हणू नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

घरातील इतर माणसे

वडिलांच्या दुःखाकडे सहसा दुर्लक्ष होते. बिल भरणे, कागदांवर सह्या करणे, लहानशी पेटी आणणे, नातलगांना फोन करणे ही सर्व कामे त्यांच्याकडे येतात आणि ‘तू खंबीर राहा’ हा सल्लाही त्यांनाच मिळतो. घरातील मोठ्या भावंडाला ‘बाळ झोपले’ असे सांगू नये. ते मूल पुढे झोपायला घाबरते. बाळ वारले, ते परत येणार नाही, यात तुझी काहीही चूक नाही, असे सोप्या शब्दांत सांगावे.

सांत्वनाला येणाऱ्यांनाही एक नम्र सूचना. ‘अजून तरुण आहात, दुसरे होईल’, ‘लळा लागायच्या आत गेले ते बरे’, ‘देवाला फुले आवडतात म्हणून तो नेतो’ ही वाक्ये मायेपोटीच उच्चारली जातात, पण ती टोचतात. मुलांना आईपासून ओढून नेणारा देव ख्रिस्ती श्रद्धेला मान्य नाही. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या आपल्या कुटुंबविषयक पत्रकात शोकाकुल कुटुंबांना, विशेषतः मूल गमावलेल्या पालकांना, एकटे न सोडण्याविषयी कळकळीने लिहिले आहे. क्रूसाखाली उभी असलेली मरिया कोणाला काहीही समजावीत नाही. ती फक्त तेथे उभी राहते. मुलाचे निष्प्राण शरीर मांडीवर घेतलेली ती दुःखी माता कॅथलिक घरांना परिचयाची आहे. तिच्यासारखे जवळ बसावे, जेवणाचा डबा आणावा आणि बाळाचे नाव विचारावे. एवढे पुरे असते.

सर्व धर्मांच्या मातांसाठी

आपल्या रुग्णालयात सर्व धर्मांच्या आणि जातींच्या स्त्रिया प्रसूतीसाठी येतात. हिंदू परंपरेत अगदी लहान मुलाला अग्नी न देता पुरण्याची रीत आहे आणि त्यामागून श्राद्धादी विधीही नसतात. त्यामुळे तेथेही आईला शोक करण्यास मोकळी जागा कमी मिळते. म्हणून नाव, भेट, निरोप आणि ऐकून घेणे ही सेवा प्रत्येक कुटुंबाला सारखीच मिळाली पाहिजे. प्रार्थना ज्याची त्याने आपल्या धर्मानुसार करावी. कॅथलिक विधी मागणीशिवाय कोणावरही लादला जाऊ नये, हे तत्त्व या कार्यात कटाक्षाने पाळावयाचे आहे.

स्मरणाचे दिवस

दुःखाला दिनदर्शिकेत जागा असली तर ते सोसणे थोडे सोपे जाते. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वसई, मुंबई आणि गोव्यातील कॅथलिक कुटुंबे दफनभूमीत जाऊन कबरी स्वच्छ करतात, फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. ज्या आईच्या बाळाला कबर आहे, तिला त्या दिवशी जाण्यासाठी एक ठिकाण असते. कबर नसलेल्या मातांनी दफनभूमीतील मोठ्या क्रूसापाशी मेणबत्ती लावावी. १५ सप्टेंबरला दुःखी मातेचे स्मरण केले जाते आणि २८ डिसेंबरला हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचा सण येतो. नाताळच्या आनंदात तीनच दिवसांनी ख्रिस्तसभा मृत अर्भकांसाठी थांबते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ज्यांच्या घरी त्या वर्षी गोठ्यातील बाळाकडे पाहवत नाही, त्यांच्यासाठी तो दिवस आहे.

आमची विनंती

देणगीदारहो, मोठ्या यंत्रांसाठी आपण सढळ हाताने देता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. या लेखाद्वारे मागणे मात्र लहान आहे. प्रसूतिकक्षापासून थोडी दूर, जेथे इतर बाळांचे रडणे ऐकू येणार नाही अशी एक खोली. अगदी लहान मापाची झबली, टोपडी आणि दुपटी. ठशांसाठी शाई आणि जाड कागद. एक साधा कॅमेरा. आणि ऐकण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या दोन परिचारिका. कपडे शिवून देणाऱ्या महिला मंडळांचेही स्वागत आहे. पालकांची इच्छा असल्यास त्यांना बाळाचे नाव, तारीख आणि वजन लिहिलेले एक स्मरणपत्र द्यावे, असाही मानस आहे. ज्या बाळाचा कोणताही शासकीय दाखला नाही, त्याच्या आईजवळ निदान एवढा कागद राहील.

विश्वस्तांना प्रार्थना अशी की यापुढील अहवालात प्रसूतीच्या तक्त्याखाली आणखी एक रकाना असावा : बाळ गमावलेल्या किती कुटुंबांना निरोपासाठी वेळ आणि सोबत मिळाली. तळाच्या त्या दोन-तीन ओळी आम्ही पुसू शकत नाही. त्यांच्यापुढे हा आकडा मात्र लिहू शकतो.

ज्या माता-पित्यांनी हे दुःख भोगले आहे आणि हा अहवाल ज्यांच्या हाती पडेल, त्यांना एवढेच सांगावयाचे आहे : आपले बाळ आमच्या नोंदवहीत केवळ एक आकडा म्हणून उरलेले नाही. त्याचे नाव आम्हाला सांगा. कितीही वर्षे लोटली असली तरी चालेल.